नियम परिपत्रकांना लावावेत, शेतकऱ्यांच्या पत्रांना नव्हे

खरीप हंगाम सुरू झाला की कृषी विज्ञान केंद्रे, संशोधन केंद्रे आणि तालुका पातळीवरील कृषी कार्यालये यांच्या ई-मेल पेट्या भरून वाहू लागतात. वरिष्ठ कार्यालयांची परिपत्रके, बैठकांच्या सूचना, तातडीने मागविलेल्या माहितीचे तक्ते, दर मंगळवारी व शुक्रवारी येणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका, निविष्ठा विक्रेत्यांच्या जाहिराती, आणि या सर्वांच्या मधोमध कोठेतरी एखाद्या शेतकऱ्याचे दोन ओळींचे पत्र, सोबत किडलेल्या पानाचे छायाचित्र. हे पत्र बहुधा विषयाविना आलेले असते. ज्या पत्रासाठी आपली सारी विस्तार यंत्रणा उभी आहे, तेच या गर्दीत शोधावे लागते.

या अडचणीवरील तांत्रिक उपाय सर्वांना ठाऊक आहे. आउटलूकमधील ‘रूल्स’ किंवा थंडरबर्डमधील ‘मेसेज फिल्टर्स’ वापरून आलेली पत्रे आपोआप निरनिराळ्या फोल्डरांत टाकता येतात, त्यांना रंगीत टॅग लावता येतात, ती दुसऱ्याकडे धाडता येतात, ठरावीक उत्तरही परस्पर पाठविता येते. अनेक केंद्रांनी अशी व्यवस्था सुरू केली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र ती लावताना सामान्यतः पिकांच्या व किडींच्या नावांवरून शेतकऱ्यांचीच पत्रे प्रथम वर्गीकृत करण्याकडे कल दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दिशा उलटी आहे. यंत्राच्या हाती द्यायची असतील तर ती परिपत्रके द्यावीत, आणि शेतकऱ्याचे पत्र माणसाच्या डोळ्यांसमोर उघडे राहू द्यावे. असे का, हे समजण्यासाठी पत्रव्यवहाराच्या एका जुन्या आणि अवाढव्य व्यवस्थेकडे पाहणे उपयोगी ठरेल.

ती व्यवस्था कोलकात्याच्या फोर्ट विल्यमची. ईस्ट इंडिया कंपनीचे बंगालमधील गव्हर्नर व त्यांचे मंडळ लंडनच्या संचालकांशी जो पत्रव्यवहार करीत, त्या पत्रांवर स्थळ म्हणून फोर्ट विल्यम हेच नाव असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारे जहाज लंडनला पोहोचण्यास साधारण सहा महिने, कधी अधिकही लागत. प्रश्न पाठवून उत्तर हाती येईपर्यंत वर्ष उलटून जाई. इतक्या लांबच्या पत्रव्यवहारात एखादा मुद्दा निसटला तर तो पुन्हा वर्षभराने लक्षात यायचा. म्हणून त्यांनी काही शिस्त बसविली होती. पत्रातील प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असे आणि उत्तर देणारा त्या क्रमांकाचा उल्लेख करूनच उत्तर देई. एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना होत, म्हणजे एक जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचावा. पाठविलेल्या पत्राची नक्कल दप्तरी राही. १७६३ मध्ये सचिवालयाचे काम सार्वजनिक आणि गुप्त अशा दोन खात्यांत विभागले गेले आणि पुढे महसूल, परराष्ट्र, लष्कर अशी खाती वाढत गेली. आलेले पत्र कोणत्या खात्यात जावयाचे हे ठरलेले असे. आजच्या भाषेत सांगायचे तर फोल्डर, नियम आणि सुरक्षित प्रती हे तिन्ही तेथे होते, फक्त संगणकाच्या जागी कारकून होते.

या शिस्तीचा लाभ केवढा झाला, हे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्यावर समजते. १७४८ ते १८०० या काळातील हा पत्रव्यवहार ‘फोर्ट विल्यम–इंडिया हाउस करस्पाँडन्स’ या नावाने २१ खंडांत प्रसिद्ध झाला आहे. अडीचशे वर्षांपूर्वीचे पत्र आज खाते, दिनांक व परिच्छेद सांगून काढता येते. आपल्यापैकी किती कार्यालयांना पाच वर्षांपूर्वीचा ई-मेल असा काढता येईल?

तथापि याच दप्तरात व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. १७६९-७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. बंगाली सन ११७६ वरून तो ‘छियात्तरेर मन्वंतर’ म्हणून ओळखला जातो. ३ नोव्हेंबर १७७२ रोजी वॉरन हेस्टिंग्ज व त्यांच्या मंडळाने संचालकांना जे पत्र पाठविले, त्यात प्रांतातील किमान एकतृतीयांश रहिवासी नाहीसे झाल्याचे नमूद आहे. पण हे वाक्य येते ते महसुलाच्या व्यवस्थेविषयीच्या पत्रात. आणि त्याच्याच जोडीला हेही सांगितलेले आहे की, एवढे होऊनही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षाही अधिक झाली. माणसे मेल्याची वार्ता महसुलाच्या कप्प्यात गेली आणि तेथे ती वसुलीच्या आकड्याची पार्श्वभूमी होऊन राहिली. कप्पे कोणाच्या गरजेनुसार पाडले आहेत, यावर त्यांत काय दिसेल आणि काय दडेल हे ठरते. कंपनीचे कप्पे वसुली करणाऱ्यांच्या सोयीने पाडलेले होते. आपल्या ई-मेल पेटीत ‘प्रलंबित अहवाल’, ‘लक्ष्यपूर्ती’, ‘बैठका’ असे फोल्डर आधी तयार होतात आणि शेतकऱ्याचे पत्र ‘इतर’ मध्ये जाते, तेव्हा तुलना अतिशयोक्त वाटली तरी कप्पे पाडण्याची रीत तीच असते.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळू. कोलकात्याचे जनरल पोस्ट ऑफिस १८६८ मध्ये बांधून पूर्ण झाले ते जुन्या, म्हणजे पहिल्या फोर्ट विल्यमच्या जागेवर. त्या किल्ल्याच्या भिंतीची जागा दाखविणारी पितळी रेघ तेथील पायऱ्यांवर बसविलेली आहे. दप्तराच्या जागी टपालघर आले हा योगायोग आपल्या विषयाला सोयीचा आहे, कारण टपालखात्याची वर्गवारी दप्तराहून मुळातच वेगळी असते. टपाल छाननी करणारा कर्मचारी पाकीट उघडत नाही. तो पत्ता पाहतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे लागू झालेली पिन कोडची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. ती घडविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी, मराठी माणूस. चुकीचे पत्ते, एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ता लिहिण्याच्या अनेक भाषा व लिप्या यांतून वाट काढण्यासाठी सहा अंक पुरेसे ठरले. अक्षरे फसवितात तेथे अंक उपयोगी पडतात, हे त्यामागील व्यवहारज्ञान.

ई-मेलच्या नियमांतही हाच भेद आहे. पत्र कोणाकडून आले यावर आधारलेला नियम पाकिटावरून चालतो आणि क्वचितच चुकतो. विभागीय कार्यालयाचा पत्ता, हवामान पत्रिका पाठविणारा पत्ता, वेतन व लेखा शाखेचा पत्ता हे ठरलेले असतात. ‘प्रेषक अमुक असल्यास अमुक फोल्डरमध्ये हलवा’ असे दहा-बारा नियम केले की बहुतांश शासकीय टपाल इनबॉक्समधून बाजूला होते. ते न वाचलेले असल्याने त्या फोल्डरचे नाव ठळक दिसते, म्हणून काही हरवतही नाही. या कामासाठी एक दुपार पुरते आणि त्याबद्दल अधिक लिहिण्याजोगे काही नाही. नियम वरून खाली क्रमाने चालतात एवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे विशिष्ट नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली ठेवता येतात.

अडचण सुरू होते ती मजकुरावर आधारलेल्या नियमांत, आणि मराठीत ती फार लवकर सुरू होते. ‘मजकुरात ऊस असल्यास ऊस फोल्डर’ हा नियम सरळ वाटतो. संगणक अक्षरांची साखळी जुळवितो, शब्दाचा अर्थ पाहत नाही. ‘पाऊस’ या शब्दात ‘ऊस’ आहे. त्यामुळे पाऊस लांबल्याची तक्रार करणारे प्रत्येक पत्र ऊस पैदासकाराच्या फोल्डरमध्ये जाऊन पडेल. उलट, ‘उसावर पांढरी माशी दिसते’ असे लिहिणाऱ्या खऱ्या ऊस उत्पादकाचे पत्र मात्र निसटेल, कारण सामान्यरूपात दीर्घ ‘ऊ’चा ऱ्हस्व ‘उ’ झाला. ‘तूर’ हा शब्द ‘लातूर’मध्ये दडलेला आहे. लातूरहून सोयाबीनविषयी आलेले पत्र तुरीच्या फोल्डरमध्ये, आणि ‘तुरीच्या शेंगा पोखरल्या’ हे पत्र कोठेच नाही. हरभऱ्याच्या ‘मर’ रोगासाठी नियम केला तर अमरावती, उमरेड, उमरखेड येथील झाडून सारा पत्रव्यवहार मररोगग्रस्त ठरेल. ‘मका’ तर आपल्या ‘कामकाज’ या लाडक्या शब्दातच आहे, तेव्हा कार्यालयीन कामकाजाबाबतचे प्रत्येक स्मरणपत्र मक्याखाली जमा होईल. (ते तेथेच राहिले तरी फारसे बिघडणार नाही, असे म्हणणारेही भेटतील.) ‘कापूस’ लिहून ‘कापसावर’ सापडत नाही, ‘गहू’ लिहून ‘गव्हावर’ सापडत नाही, ‘कांदा’ लिहून ‘कांद्यावर’ सापडत नाही. शेतकरी आपल्या पिकावर काय आले हे लिहितो, म्हणजे पिकाचे नाव तो बहुतेक वेळा सामान्यरूपातच लिहिणार. नियम मात्र मूळ शब्दाचा.

सामान्यरूपाची ही अडचण नवी नाही आणि तिचाही एक धागा फोर्ट विल्यमपर्यंत जातो. तेथील कॉलेजात बंगाली, संस्कृत व मराठी शिकविणारे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत शब्द छापलेला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. कंपनीच्या तरुण नोकरदारांना मराठी शब्द प्रत्ययापूर्वी कसा बदलतो हे शिकविल्याखेरीज आलेला अर्ज वाचता येत नसे. हेच कॅरी १८२० मध्ये कोलकात्यात कृषी व उद्यानविद्या संस्थेची स्थापना करण्यात पुढे होते, हे आपल्या वाचकांना जाता जाता सांगण्यासारखे. त्या काळच्या नोकरदाराला जे व्याकरण शिकावे लागले, ते आपल्या संगणकावरील फिल्टरला आजही येत नाही.

याशिवाय लिपीचे प्रश्न आहेत. अनेक शेतकरी रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि बोंडअळीचे स्पेलिंग प्रत्येकाचे निराळे असते. देवनागरीतही ‘बोंडअळी’ आणि ‘बोंड अळी’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी पदे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील जोडाक्षर दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकता येते, डोळ्यांना ते सारखेच दिसते, पण शोध एकाच पद्धतीचे सापडवितो. देवनागरी ४ आणि इंग्रजी अंकातील चार हेही भिन्न. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकून जोडलेले अर्ज तर शोधाला पूर्णपणे अदृश्य असतात. आणि ज्या पत्रात एक छायाचित्र व ‘साहेब हे काय आहे’ एवढेच चार शब्द असतात, त्याला कोणता नियम लावणार? विस्ताराच्या दृष्टीने अनेकदा सर्वांत मोलाचे पत्र हेच असते.

या सर्वांहून गंभीर मुद्दा पुढचा आहे. मजकुराचा नियम नेहमी काल आलेल्या पत्रांवरून बनतो. २०१८ च्या खरिपात कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद झाली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आढळली. त्या हंगामाच्या आरंभी कोणत्याही कार्यालयाच्या यादीत या किडीचे नाव असणे शक्य नव्हते. ज्या शेतकऱ्याने प्रथम पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा पाहिली, त्याने ‘पोंग्यात भुसा दिसतो’ असेच लिहिले असणार. असे वाक्य कोणत्याही नियमात बसत नाही. ते ‘इतर’ मध्ये जाते, आणि ‘इतर’ फोल्डर आठवड्याअखेर उघडला जातो. नवी कीड, नवा रोग, भेसळीचे बियाणे, फवारणीनंतरची विषबाधा या चारही बाबतींत पहिले पत्र असेच अनोळखी शब्दांत येते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी आपण शेतकऱ्यांना सांगतो, कारण अंड्यातून निघालेली अळी एकदा बोंडात शिरली की फवारणीचा उपयोग राहत नाही. शेतकऱ्याकडून तीन रात्रींचा हिशेब मागणाऱ्या यंत्रणेने स्वतःच्या पेटीत त्याचे पत्र सात दिवस पडू देणे योग्य नव्हे.

म्हणून सुचवावेसे वाटते ते असे. ज्ञात संस्थात्मक पत्ते प्रेषकावरून बाजूला काढावेत. जे उरेल ते इनबॉक्समध्येच राहू द्यावे आणि रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या व्यक्तीने ते उघडून वाचावे. शेतकऱ्यांच्या पत्रांसाठी पीकवार मांडणी हवीच असेल तर ‘हलवा’ ही क्रिया न वापरता टॅग लावावा, किंवा थंडरबर्डमधील ‘सेव्ह्ड सर्च’ व आउटलूकमधील ‘सर्च फोल्डर’ वापरावा. यात पत्र मूळ जागीच राहते आणि कापूस, पाने, छायाचित्र अशा अनेक यादींत एकाच वेळी दिसते. फोर्ट विल्यमच्या कारकुनाला ही सोय नव्हती, एका खात्यातील मजकूर दुसऱ्याला हवा असल्यास नक्कल उतरवावी लागे. टॅग चुकीचा लागला तरी पत्र हरवत नाही, हा त्याचा मोठा गुण. शब्द निवडताना ‘कापूस’सोबत ‘कापस’ आणि ‘कपाशी’ हेही घालावे आणि ‘यांपैकी कोणतेही’ हा पर्याय निवडावा. ‘ऊस’ आणि ‘मर’ यांच्या वाटेला न गेलेलेच बरे. परस्पर खोडून टाकणारा नियम तर जाहिरातींसाठीही करू नये, कारण बनावट कीटकनाशकाची तक्रार करणारा शेतकरी त्या जाहिरातीतील नावच लिहिणार.

कृषी सहायक किंवा शेतकरी गटाचे प्रमुख जेव्हा गावातील प्रश्न पुढे धाडतात, तेव्हा मात्र शिस्तीची अपेक्षा करण्यास हरकत नाही. विषयाच्या जागी गावाचा पिन कोड व पीक एवढे लिहिले तरी वेलणकरांची युक्ती आपल्या कामी येते. अंक एकाच लिपीत लिहावेत असे आधीच ठरवून घ्यावे. हा भार शेतकऱ्यावर टाकू नये. त्याने कसेही लिहावे, ते समजून घेण्यासाठीच विस्तार कार्यकर्ता आहे.

उत्तराच्या बाबतीत कंपनीची परिच्छेद क्रमांकाची पद्धत आपण जशीच्या तशी उचलावी. शेतकऱ्याच्या एका पत्रात सहसा तीन प्रश्न असतात: पाने पिवळी का, अमुक औषध चालेल का, आणि विम्यासाठी कळविण्याची मुदत किती. आपण पहिल्याचे सविस्तर उत्तर देतो, दुसऱ्याचे निम्मे, आणि तिसरा आपल्या शाखेचा नाही म्हणून सोडून देतो. उत्तर लिहिण्यापूर्वी त्याच्या पत्रातील प्रश्नांना आपणच क्रमांक घालावेत आणि त्या क्रमाने उत्तरे द्यावीत. जे दुसऱ्या शाखेकडे पाठविले ते कोणाकडे व कधी पाठविले ते त्या क्रमांकापुढे लिहावे. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा, बीजप्रक्रिया कशी करावी अशा वारंवार येणाऱ्या प्रश्नांसाठी तयार मसुदे ठेवण्यास काहीच हरकत नाही, मात्र ते माणसाने निवडून, वाचून पाठवावेत. ‘आपले पत्र मिळाले’ असे स्वयंचलित उत्तर पाठवायचे झाल्यास त्यात किती दिवसांत उत्तर मिळेल हे लिहावे आणि ते पाळावे. ते पाळता येणार नसेल तर असे उत्तर न पाठविणे अधिक प्रामाणिक. शिवाय दोन कार्यालयांची स्वयंचलित उत्तरे एकमेकांना उत्तर देत बसली की पेटी एका रात्रीत कशी भरते, हे संगणक कक्षातील कोणीही सांगेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. थंडरबर्डमधील नियम तो प्रोग्रॅम ज्या संगणकावर उघडा आहे तेथेच चालतात. अधिकारी रजेवर, संगणक बंद, तर नियमही बंद. पत्रे पॉप पद्धतीने एकाच यंत्रावर उतरवून घेतली असतील तर यंत्र बिघडताच दप्तर गेले. इमॅप पद्धतीत पत्रे सर्व्हरवर राहतात, म्हणून कार्यालयीन पेटीसाठी तीच वापरावी आणि वर्षाअखेरीस त्या वर्षाची पत्रे वेगळ्या जागी प्रत करून ठेवावीत. दोन जहाजांतून दोन प्रती धाडणाऱ्यांचे हेच शहाणपण होते. कोलकात्यात ११ मार्च १८९१ रोजी ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ स्थापन होईपर्यंत कंपनीची व सरकारची दप्तरे खात्याखात्यांत विखुरलेली होती. आपली तर व्यक्तीव्यक्तींत विखुरलेली आहेत. बदली झाली की पेटीचा परवलीचा शब्द नव्या अधिकाऱ्याला मिळतो, पण नियमांची यादी मिळत नाही, आणि पत्रे कोठे जात आहेत हे त्याला महिनोन्‌महिने कळत नाही.

नियमांची ही यादी कागदावर लिहून कार्यभार हस्तांतराच्या कागदपत्रांना जोडावी आणि दर हंगामाच्या आरंभी तपासावी, कारण नावेही बदलतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जिल्ह्याच्या नावावर आधारलेल्या नियमात जुने व नवे अशी दोन्ही नावे हवीत, कारण शेतकरी दोन्ही लिहितात. फोर्ट विल्यमचेही नाव आता विजयदुर्ग झाले आहे. लष्कराच्या पूर्व विभागाच्या या मुख्यालयाचे नामांतर २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वांना कळले आणि ते आपल्या सिंधुदुर्गातील मराठा आरमाराच्या किल्ल्यावरून ठेवलेले आहे. तो मूळ विजयदुर्ग देवगड तालुक्यात, हापूसच्या मुलखात आहे. थंडीत मोहोरावर तुडतुडे वाढले की तेथील बागायतदारांची पत्रे येऊ लागतात. आपल्या यादीत त्या नावाचा एखादा नियम असेल तर तो डिसेंबरपूर्वी एकदा पाहून घ्यावा.